सीमेवरचे अनोळखी दिवे

भारताच्या नकाशात अगदी वर, लडाखच्या पूर्व टोकाला पँगाँग नावाचे एक लांबलचक सरोवर आहे. त्याची लांबी सुमारे १३० किलोमीटर. पश्चिमेकडचा भाग आपल्याकडे आणि पूर्वेकडचा मोठा भाग तिबेटात. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सव्वाचार हजार मीटरांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाईचे शिखर घेऊन असली अडीच शिखरे एकावर एक रचली, तेव्हा कुठे आपण त्या सरोवराच्या काठापर्यंत पोहोचू. हिवाळ्यात सरोवराचे पाणी गोठून दगडासारखे होते. अशा ठिकाणी आपले जवान रात्रंदिवस पहारा देत असतात, कारण दोन देशांमधली ताबारेषा तेथूनच जाते आणि ती नेमकी कोठून जाते याबद्दल भारत व चीन यांच्यात मतभेद आहेत.

ऑगस्ट २०१२ पासून या भागातील चौक्यांवरून एक चमत्कारिक बातमी वर जाऊ लागली. रात्री पूर्वेकडच्या क्षितिजावर, म्हणजे चीनच्या बाजूला, एक पिवळसर तेजस्वी दिवा उगवतो. तो हळूहळू वर चढतो, तासन्‌तास आकाशात राहतो, आपल्या हद्दीकडे सरकतो आणि मग दिसेनासा होतो. एक दिवा संध्याकाळी सहाच्या सुमारास दिसू लागतो, दुसरा पहाटे चारच्या सुमारास. फेब्रुवारी २०१३ पर्यंत जवानांच्या नोंदवहीत अशा एकूण ३२९ नोंदी झाल्या. त्यांपैकी १५५ वेळा तर हा दिवा सीमा ओलांडून आपल्या हद्दीत आला, असे लिहिले गेले.

हा दिवा कशाचा? टेहळणी करणाऱ्या वैमानिकरहित विमानाचा, म्हणजे ड्रोनचा, असा संशय येणे स्वाभाविक होते. ड्रोन त्या काळात चीनकडे होते, तसे आपल्याकडेही होते. असले यान रोज रात्री येऊन आपल्या चौक्यांची छायाचित्रे घेऊन जात असेल, तर ते पाडायला नको का?

येथे थोडे थांबून हा प्रश्न किती गंभीर होता ते पाहू. आकाशातील दिव्यांची गोष्ट निघाली की आपल्याला परग्रहावरचे पाहुणे, उडत्या तबकड्या वगैरे आठवतात आणि गंमत वाटते. सैन्याला अशी गंमत परवडत नाही. एप्रिल २०१३ मध्ये त्याच लडाखच्या उत्तर भागात, देपसांगच्या पठारावर, चिनी सैनिकांनी तंबू ठोकले आणि सुमारे तीन आठवडे दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली. पुढे जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात झालेल्या झटापटीत आपले २० जवान कामी आले. अशा तापलेल्या जागी कोणी एका दिव्यावर गोळी झाडली आणि पलीकडच्यांनी तिला उत्तर दिले, तर काय होईल याची कल्पना तुम्हांला करता येईल.

आणि दिव्यावर तोफा डागल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. त्यानंतर २३ फेब्रुवारी १९४२ रोजी एका जपानी पाणबुडीने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील तेलाच्या ठाण्यावर काही गोळे टाकले. नुकसान फार झाले नाही, पण सारा किनारा धास्तावला. दुसऱ्याच रात्री, म्हणजे २५ तारखेच्या पहाटे, लॉस एंजेलिस शहरावर काहीतरी दिसल्याचा इशारा झाला. शहर अंधारात बुडाले, शोधदिव्यांचे झोत आकाशात फिरू लागले आणि विमानविरोधी तोफा सुरू झाल्या. तासाभरात १,४०० हून अधिक गोळे उडवले गेले. एकही शत्रूविमान पडले नाही, कारण वर शत्रूविमान नव्हतेच! फुटलेल्या गोळ्यांचे तुकडे मात्र लोकांच्या घरांवर पडले, आणि त्या गडबडीत झालेल्या मोटारींच्या अपघातांत व हृदयविकाराच्या झटक्यांनी काही माणसे दगावली. हवामान पाहण्यासाठी सोडलेल्या फुग्यांनी ही धांदल सुरू झाली असावी, असा निष्कर्ष पुढे अमेरिकी वायुदलाच्या इतिहासकारांनी काढला. एकदा तोफा सुरू झाल्या की त्यांच्याच धुराचे पुंजके झोतांत चमकतात आणि विमानांसारखे दिसतात. मग त्यांवर आणखी गोळे!

तेव्हा लडाखमधील आपल्या सैन्याने गोळी झाडण्याऐवजी चौकशी केली, हे फार चांगले झाले.

त्या वेळच्या वृत्तपत्रांत आलेल्या हकिकतीनुसार, प्रथम एका डोंगरावर फिरते रडार नेण्यात आले. रडार रेडिओलहरी सोडते आणि त्या एखाद्या वस्तूवर आपटून परत आल्या म्हणजे वस्तू किती दूर आहे ते सांगते. दिवा डोळ्यांना स्पष्ट दिसत होता, पण रडारच्या पडद्यावर काहीच उमटले नाही. मग रेडिओसंदेश पकडणारे यंत्र लावले. ड्रोन चालवायचे तर त्याच्याशी रेडिओने बोलावे लागते. पण त्या दिव्याकडून कसलाच संदेश येत नव्हता. शेवटी आपले स्वतःचे एक टेहळणी यान त्याच्या दिशेने उडवण्यात आले. ते जेवढे वर जाऊ शकत होते तेवढे वर गेले, पण दिवा काही हाती लागला नाही.

यावरून काहींनी असा तर्क केला की ही वस्तू धातूची नसावी, म्हणून रडारला दिसत नाही. मला या तर्काची मौज वाटते. रडारने खरे तर फार मोलाचे उत्तर दिले होते: "माझ्या टप्प्यात काही नाही." हे उत्तर सरळ ऐकायचे सोडून माणसे नवीनच गूढ उभे करतात. समजा, तो दिवा शुक्र असेल. शुक्र पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हाही तो सुमारे ४ कोटी किलोमीटर दूर असतो. रेडिओलहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर वेगाने जातात. जाऊन परत यायला त्यांना साडेचार मिनिटे लागतील. सैन्याचे रडार प्रतिध्वनीसाठी सेकंदाचा हजारावा भाग थांबते, आणि एवढ्या दुरून येणारा क्षीण प्रतिध्वनी पकडण्याची त्याची ताकदही नसते. शुक्राचे रडारप्रतिध्वनी शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मिळवले खरे, पण त्यासाठी प्रचंड आकाराच्या थाळ्या वापराव्या लागल्या.

आता तुम्ही म्हणाल, शुक्राची चांदणी कोणाला ओळखता येत नाही? रोज आकाश पाहणाऱ्या जवानांची अशी फसगत कशी होईल?

या प्रश्नाचे उत्तर जवानांच्या हुशारीत शोधायचे नाही, ते आपल्या डोळ्यांत आणि प्रकाशाच्या वागणुकीत आहे. एखादी वस्तू किती दूर आहे हे आपण कसे ओळखतो? बैल केवढा असतो हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून तो लहान दिसला की दूर आहे असे कळते. शिवाय मध्ये झाडे असतात, बांध असतात, त्यांच्या आधाराने अंदाज बांधता येतो. पण अंधारात नुसता प्रकाशाचा एक ठिपका दिसत असेल तर यांपैकी कोणताच आधार उरत नाही. ठिपक्याला आकार नाही. तो १०० मीटरवरचा कंदील आहे, १० किलोमीटरवरचा शोधदिवा आहे की कोट्यवधी किलोमीटर दूरचा ग्रह आहे, हे नुसत्या डोळ्याने सांगता येत नाही. आणि अंतर कळले नाही की उंचीही कळत नाही, वेगही कळत नाही. "दिवा ५ किलोमीटर उंचीवर होता आणि सावकाश आमच्याकडे येत होता" असे जेव्हा कोणी लिहितो, तेव्हा त्याने पाहिलेली गोष्ट फक्त दिशा असते, बाकीचे त्याच्या मनाने भरलेले असते. प्रामाणिक माणसाचेही असेच होते.

दुसरी गोष्ट तुम्ही घरीच करून पाहा. रात्री खोलीतले सर्व दिवे मालवा, खिडक्या लावून घ्या आणि एका कोपऱ्यात पेटलेली उदबत्ती खोचून ठेवा. पडदे, कपडे, कागद जवळ नकोत, आणि घरातील मोठ्या माणसाला सांगूनच हे करा. आता दूर बसून त्या लाल ठिपक्याकडे एकटक पाहा. मिनिटाभरात तो ठिपका हलू लागेल! कधी डावीकडे सरकेल, कधी वर जाईल. उदबत्ती जागची हललेली नसते. आपले डोळे सतत बारीक बारीक हालचाली करत असतात, आणि आजूबाजूला तुलनेसाठी दुसरे काही नसल्यामुळे मेंदू गोंधळतो. पहाऱ्यावरचा माणूस काळ्या आकाशातल्या एकाच तेजस्वी ठिपक्याकडे ताणलेल्या मनाने बघत असतो, तेव्हा त्याला तो ठिपका घिरट्या घालताना दिसला तर नवल नाही.

तिसरी गोष्ट लडाखच्या हवेची. सव्वाचार हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. हवा विरळ, कोरडी आणि धुळीवाचून असते. शहरांचे दिवे जवळपास नाहीत. त्यामुळे तारे आणि ग्रह तेथे विलक्षण झगझगीत दिसतात. आपल्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने लडाखमध्येच हानले येथे, ४,५०० मीटर उंचीवर, दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्र दुर्बीण उभारली ती याच कारणासाठी. मैदानी प्रदेशातून आलेल्या जवानाने तेथला शुक्र प्रथम पाहिला, तर "ही आपली रोजचीच चांदणी" असे त्याला वाटण्याची शक्यता कमीच.

आणखी एक बारकावा आहे. आपल्या गावाकडे ग्रह उगवतो तो क्षितिजावरील धुळीतून, मंद व तांबूस होऊन. हळूहळू तो वर येतो तसा उजळतो. डोंगराळ मुलुखात तसे होत नाही. ग्रह आधीच क्षितिजाच्या बराच वर आलेला असतो, फक्त कड्याआड लपलेला असतो. कड्याच्या कडेवर येताच तो एकदम पूर्ण तेजाने प्रकट होतो. जणू काही कड्यामागून कोणी तो वर सोडला! शिवाय पूर्व लडाखमधून पूर्वेला पाहिले की समोर चीनच्या ताब्यातील मुलूख येतो. सूर्य, चंद्र, ग्रह, तारे हे सगळेच पूर्वेला उगवून पश्चिमेकडे जातात. म्हणजे त्या चौकीवरून पाहणाऱ्याला आकाशातील प्रत्येक ज्योती रोज चीनमधून निघून भारतात येताना दिसणार. चंद्रानेही त्या सहा महिन्यांत कितीतरी वेळा घुसखोरी केली, पण त्याला सगळे ओळखतात, म्हणून त्याची नोंद झाली नाही.

अखेर सैन्याने बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील शास्त्रज्ञांना विचारले. दिवे आकाशातले आहेत की पृथ्वीवरचे, एवढेच त्यांनी ठरवायचे होते. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागले नाही. दिवा कोणत्या ताऱ्यांजवळ आहे आणि ताऱ्यांच्या मानाने तो कसा सरकतो, याची नोंद जवानांनी घेतली. ती हाती येताच उत्तर मिळाले. एक दिवा गुरू होता आणि दुसरा शुक्र.

हे उत्तर त्या वर्षीच्या आकाशाशी कसे जुळते ते आपण स्वतः पडताळून पाहू. ६ जून २०१२ रोजी शुक्राचे अधिक्रमण झाले होते. शुक्र सूर्यबिंबावरून काळ्या ठिपक्यासारखा सरकताना तुमच्यापैकी कोणाच्या आईवडिलांनी कदाचित पाहिला असेल. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधून गेल्यावर शुक्र पहाटेच्या आकाशात येतो. १५ ऑगस्टच्या सुमारास तो सूर्यापासून जास्तीत जास्त दूर, सुमारे ४६ अंशांवर होता. त्यानंतर तो रोज थोडा थोडा सूर्याकडे सरकत गेला आणि २०१३ च्या फेब्रुवारीत संधिप्रकाशात बुडून दिसेनासा झाला. पंचांगात "शुक्राचा अस्त" म्हणून लिहितात तो हाच. आता जवानांच्या नोंदींच्या तारखा आठवा: ऑगस्ट ते फेब्रुवारी!

गुरूची गोष्ट याहून बोलकी आहे. ३ डिसेंबर २०१२ रोजी गुरूची प्रतियुती होती. म्हणजे पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य आणि बरोबर विरुद्ध बाजूला गुरू. अशा वेळी सूर्य मावळतो तेव्हाच गुरू पूर्वेला उगवतो आणि रात्रभर दिसतो. त्या दिवसांत तो वृषभ राशीत, रोहिणीजवळ होता. आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा व्याध, त्याच्याही तिपटीहून अधिक गुरूचे तेज होते. शुक्र तर व्याधाच्या चौदा-पंधरा पट तेजस्वी. डिसेंबरात संध्याकाळी सहाला पूर्वेच्या कड्यावर असा दिवा उगवणारच होता.

येथे एक युक्ती सांगतो, ती तुम्हांला कायम उपयोगी पडेल. सूर्य ताऱ्यांमधून रोज सुमारे एक अंश पूर्वेला सरकतो, कारण ३६० अंशांची फेरी त्याला वर्षात पुरी करायची असते. पृथ्वीला स्वतःभोवती एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. म्हणून प्रत्येक तारा आज ज्या वेळी उगवला त्याच्या ४ मिनिटे आधी उद्या उगवतो. महिन्याला हा फरक दोन तासांचा होतो. गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे १२ वर्षे लागतात, तेव्हा तो ताऱ्यांमधून फार सावकाश चालतो आणि जवळपास याच नियमाने वागतो. डिसेंबरच्या आरंभी सूर्यास्ताला उगवणारा गुरू नोव्हेंबरच्या आरंभी त्यानंतर दोन तासांनी आणि ऑक्टोबरच्या आरंभी चार तासांनी उगवत होता. आता विचार करा. ड्रोन सोडणारा अधिकारी घड्याळ पाहून काम करील. तो रोज न चुकता चार चार मिनिटे आधी यान उडवत जाईल काय? चौकीवरच्या नोंदवहीत तारखेपुढे नेमकी वेळ लिहिलेली असेल, तर ती दोन महिन्यांची पाने चाळून तुम्हीसुद्धा सांगू शकाल की दिवा माणसाचा आहे की आकाशाचा. शुक्राला मात्र हा नियम लावू नका. तो ताऱ्यांमधून भराभर चालतो.

दुसरी कसोटी याहून झटपट आहे. दोन पहारेकरी एकमेकांपासून अर्धा किलोमीटर दूर उभे करा आणि एकाच क्षणी दोघांनी दिव्याजवळचा एखादा तारा पाहावा. दिवा १० किलोमीटरवर असेल तर दोघांना तो ताऱ्यांच्या मानाने सुमारे तीन अंश वेगळ्या जागी दिसेल. हात लांब करून धरलेल्या करंगळीची जाडी आकाशात साधारण एक अंश व्यापते, आणि मूठ दहा अंश. तेव्हा तीन अंशांचा फरक नजरेतून सुटणार नाही. दिवा ग्रह असेल तर काहीच फरक दिसणार नाही. शास्त्रात याला पराशय म्हणतात. दोन माणसे, दोन घड्याळे आणि एक टेलिफोन एवढ्या सामग्रीत हा प्रयोग होतो. आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर विद्यार्थ्यांना मी समोरच्या टेकडीवरील दिव्याचे अंतर असेच मोजायला लावतो. दहांत आठ जणांचा आधीचा अंदाज निम्म्याने तरी चुकतो.

आता तुमच्यातला एखादा चौकस वाचक म्हणेल, "म्हणजे अनोळखी दिवा दिसला की शुक्र म्हणून मोकळे व्हायचे!" तसे करणे मात्र अगदी चुकीचे. त्याचीही एक दुःखद कहाणी आहे.

२४ जून १९४७ रोजी केनेथ अरनॉल्ड नावाच्या वैमानिकाला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, माउंट रेनियर शिखराजवळ, नऊ चमकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. तळ्यात चपटा दगड भिरकावला म्हणजे तो टप्पे घेत जातो, तशी त्यांची चाल त्याने सांगितली. सांगताना त्याने बशीची उपमा दिली आणि वृत्तपत्रांनी "उडत्या तबकड्या" हा शब्द जगभर नेला. थोड्याच महिन्यांत, ७ जानेवारी १९४८ रोजी, केंटकी राज्यातील गॉडमन विमानतळावरून भरदिवसा आकाशात एक पांढरी, गोलसर वस्तू दिसू लागली. त्या वेळी काही मस्टँग विमाने तेथून चालली होती. त्यांचा प्रमुख कॅप्टन थॉमस मँटेल, वय वर्षे २५, याला त्या वस्तूचा छडा लावण्यास सांगण्यात आले. तो वर वर चढत गेला. विमानात प्राणवायूची सोय नव्हती. सोबतचे वैमानिक माघारी फिरले, मँटेल मात्र २०,००० फुटांच्याही वर गेला. तेथे त्याची शुद्ध हरपली असावी. विमान कोसळले आणि तो मरण पावला.

चौकशी करणाऱ्यांनी प्रथम शुक्राचे नाव पुढे केले. त्या वेळी शुक्र आकाशात साधारण त्याच दिशेला होता खरा. पण भरदिवसा शुक्र दिसतो तो नेमकी जागा ठाऊक असणाऱ्याला, आणि तोही सुईच्या टोकाएवढा. अनेक माणसांना सहज दिसलेली मोठी गोल वस्तू शुक्र असेल, हे पटण्यासारखे नव्हते. खरे उत्तर पुढे आले ते असे की अमेरिकी नौदल त्या काळात "स्कायहुक" नावाचे प्रचंड फुगे सोडत होते. सुमारे ३० मीटर व्यासाचे, पातळ प्लॅस्टिकचे हे फुगे ३० किलोमीटर उंचीपर्यंत जात. योजना गुप्त होती, त्यामुळे मँटेललाही ती माहीत नव्हती आणि चौकशी करणाऱ्यांनाही. २५,००० फूट म्हणजे सुमारे साडेसात किलोमीटर. एवढ्या उंचीवर पोहोचूनही मँटेल त्या फुग्याच्या कितीतरी खालीच होता. एका खात्याचे गुपित दुसऱ्या खात्याला कळले नाही आणि एक तरुण वैमानिक प्राणाला मुकला.

असे फुगे आपल्याकडेही उडतात, पण गुपचूप नव्हे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबाद येथील केंद्र विश्वकिरणांच्या आणि वातावरणाच्या अभ्यासासाठी ते सोडते, आणि उपकरणे महाराष्ट्रातील कोणत्या जिल्ह्यांत उतरू शकतील, याची सूचनाही आधी दिली जाते.

१९४८ च्या जानेवारीतच अमेरिकी वायुदलाने या प्रकरणांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. त्याचे नाव "साइन". पुढे ते "ग्रज" झाले आणि १९५२ पासून "ब्लू बुक". ओहायो राज्यातील राइट-पॅटरसन तळावर हे काम चाले. खगोलशास्त्रज्ञ जे. अ‍ॅलन हायनेक हे त्यांचे सल्लागार होते. ब्लू बुक सुरू होते न होते तोच जुलै १९५२ मध्ये लागोपाठच्या दोन शनिवारी रात्री खुद्द वॉशिंग्टन राजधानीवर रडारच्या पडद्यावर अनोळखी ठिपके उमटले. जेट विमाने धावली. काही वैमानिकांना दिवे दिसले, काहींना काहीच नाही.

म्हणजे लडाखच्या अगदी उलट! तेथे डोळ्याला दिसत होते आणि रडारला नाही. येथे रडारला दिसत होते. रडारही फसते काय? फसते. हिवाळ्याच्या सकाळी गावावर चुलींचा धूर वर न जाता आडवा पसरलेला तुम्ही पाहिला असेल. जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची गरम असते, म्हणून तो अडतो. हवेचा असा थर रेडिओलहरींनाही खाली वाकवतो. मग रडारची लहर आकाशात जाण्याऐवजी जमिनीकडे वळते आणि दूरच्या इमारती, मोटारी, जहाजे पडद्यावर "आकाशात" दिसू लागतात. वायुदलाचे मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांनी २९ जुलै रोजी पत्रकारांना बहुतेक असेच झाले असावे, असे सांगितले. रडार चालवणाऱ्या काहींना ते पटले नाही. याच परिणामाचे एक थोर उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला बसवलेल्या एका रडारला उन्हाळ्याच्या दिवसांत समुद्रापलीकडच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळत! जमिनीवरून आलेली कोरडी, गरम हवा समुद्रावरच्या दमट, थंड हवेवर पसरते आणि लहरी त्या दोहोंच्या बोगद्यातून पार पलीकडे जातात.

१७ डिसेंबर १९६९ रोजी ब्लू बुक बंद झाल्याची घोषणा झाली. एकूण १२,६१८ प्रकरणे तपासली गेली होती. बहुतेकांच्या मुळाशी तारे, ग्रह, उल्का, फुगे, विमाने, क्वचित लबाडीही निघाली. ७०१ प्रकरणे "अनोळखी" म्हणून राहिली, म्हणजे शंभरांत साडेपाच. या ७०१ वर कथाकादंबऱ्यांचे डोंगर उभे राहिले आहेत. अनोळखी याचा अर्थ परग्रहावरचे असा होत नाही. रात्री दार वाजले आणि उघडेपर्यंत माणूस निघून गेला, तर तो अनोळखीच राहतो, पण म्हणून तो भूत ठरत नाही. हायनेक यांचे मत मात्र असे झाले की उरलेली प्रकरणे वायुदलाने नीट अभ्यासली नाहीत. तारे-ग्रह सांगून लोकांना वाटेला लावणे त्यांना पुढे पुढे खटकू लागले होते, आणि त्यांच्या या तक्रारीत तथ्य होते असे मला वाटते.

आता तर आकाशातील दिव्यांची संख्या फारच वाढली आहे. एकामागोमाग ओळीने जाणारे स्टारलिंक उपग्रह पाहून अनेक देशांत पोलिसांना फोन गेले. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आपल्या विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. ते चिनी अग्निबाणाच्या तुकड्यांपैकी असावे, असे तज्ज्ञांचे मत पडले. आणि सीमेवर आता खरेखुरे ड्रोनही येतात, त्यामुळे पहारेकऱ्याला प्रत्येक दिवा गुरू म्हणून सोडून देता येत नाही.

तुम्हांला कधी असा दिवा दिसला तर वहीत एवढे लिहा: तारीख, घड्याळातली नेमकी वेळ, दिशा, क्षितिजापासून किती मुठी उंच, जवळचे तारे कोणते आणि पंधरा मिनिटांनी तो कोठे होता. "किती किलोमीटर दूर" हा रकाना करूच नका.

शुक्राचा एक गुण असा आहे की दर आठ वर्षांनी तो जवळजवळ त्याच तारखांना त्याच जागी परत येतो. २०१२ नंतर तो २०२० मध्ये तसा आला. पुढची पाळी २०२८ ची. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा पहाटे पँगाँगच्या पूर्वेकडील कड्यांवर उगवताना दिसेल. तुम्हीही आपल्या गच्चीवरून पूर्वेला पाहा, आणि वेळ लिहून ठेवा.